पिशवी निघाल्यानंतर शौचावरचा ताबा परत मिळवताना

स्टोमा, म्हणजे मल बाहेरच्या पिशवीत जावा म्हणून पोटावर केलेले आतड्याचे तोंड, बंद करण्याचे ऑपरेशन बहुतेक वेळा पहिल्या मोठ्या ऑपरेशनच्या मानाने लहान असते, आणि म्हणूनच त्यानंतर काय होणार याची तयारी रुग्णाने आणि घरच्यांनी फारशी केलेली नसते. पिशवी निघाली की सगळे पूर्ववत होईल, अशा समजुतीने घरी आलेला माणूस दिवसातून दहा-बारा वेळा संडासला जाऊ लागतो, रात्री झोपेतून उठतो, एखाद्या वेळी कपडे खराब होतात, आणि मग ऑपरेशन फसले की काय या शंकेने तो आणि घरातले सगळे धास्तावतात. बहुतेकांच्या बाबतीत ही शंका चुकीची असते. पहिल्या काही महिन्यांत असा त्रास होणे अपेक्षितच असते, मात्र तो आपोआप जाण्याची वाट पाहत बसणेही योग्य नाही. या काळात करण्यासारखे बरेच काही आहे, आणि ते ठरावीक क्रमाने केले तर अधिक उपयोगी पडते. आधी मलाचा घट्टपणा सुधारायचा, त्यानंतर शौचाच्या वेळेला शिस्त लावायची आणि सोबतीने स्नायू बळकट करायचे. आत्मविश्वास या सगळ्याच्या मागून येतो, कारण पुढच्या दोन तासांत आपले पोट कसे वागेल याचा अंदाज आल्याखेरीज कोणीही निर्धास्तपणे घराबाहेर पडू शकत नाही.

हा लेख मुख्यतः अशा रुग्णांसाठी आहे, ज्यांच्या गुदाशयाचा कर्करोग काढताना आतडे गुदद्वाराजवळ जोडले गेले आणि तो जोड भरून येईपर्यंत लहान आतड्याचा तात्पुरता स्टोमा केला गेला. टायफॉइड किंवा क्षयरोगामुळे आतड्याला छिद्र पडून स्टोमा करावा लागलेल्यांचा गुदाशय बहुधा शाबूत असतो. त्यांचे पोट सहसा लवकर मार्गावर येते, पण आहार आणि त्वचेच्या काळजीविषयी पुढे जे लिहिले आहे ते त्यांनाही लागू पडते.

त्रास का होतो

गुदाशय हा मलाचा साठा करणारा भाग आहे. मल आला की तो सैल पडून जागा करून देतो, आत आलेला पदार्थ वायू आहे, पातळ आहे की घट्ट आहे हे गुदमार्गाच्या वरच्या भागातील संवेदनशील अस्तराला ओळखू देतो, आणि सोयीची वेळ येईपर्यंत थांबण्याची मुभा देतो. हा भाग अंशतः किंवा पूर्णपणे काढला की त्याच्या जागी जोडलेल्या मोठ्या आतड्याला ती लवचीकता नसते. थोडासा मल आला तरी ते आकुंचन पावते. त्यामुळे एकदा जाऊन आल्यावर पंधरा मिनिटांत पुन्हा जावे लागते, आणि असे तासाभरात चार-पाच वेळाही घडते. ऑपरेशनमध्ये नसांना धक्का लागलेला असेल किंवा आधी रेडिएशन दिलेले असेल, तर जोडलेला भाग अधिक कडक होतो, वायू आणि मल यांतला फरक कळेनासा होतो. त्यात भर म्हणजे स्टोमा असताना खालचे आतडे आणि गुदद्वाराचे स्नायू अनेक महिने जवळजवळ बिनकामाचे राहिलेले असतात.

या तक्रारींच्या समूहाला डॉक्टर ‘लो अँटेरिअर रिसेक्शन सिंड्रोम’ म्हणतात, आणि त्याचे संक्षिप्त रूप ‘लार्स’ असे आहे. तो मोजण्यासाठी डेन्मार्कमधील शल्यचिकित्सकांनी 2012 मध्ये पाच प्रश्नांची एक गुणपद्धत मांडली. वायूवर ताबा राहतो का, पातळ मल नकळत सुटतो का, दिवसातून किती वेळा जावे लागते, तासाभराच्या आत पुन्हा जावे लागते का, आणि धावत जावे लागेल अशी घाई होते का, हे ते पाच प्रश्न. एकूण गुण 0 ते 42 असतात. 20 पर्यंत लार्स नाही असे मानतात, 21 ते 29 म्हणजे सौम्य आणि 30 पासून पुढे तीव्र. तपासणीला गेल्यावर ही प्रश्नावली आवर्जून मागून घ्यावी. ‘बरे आहे’ एवढे सांगून उठणाऱ्या रुग्णाचा त्रास डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही, आणि आपल्याकडे शौचाविषयी मोकळेपणाने बोलण्याचा संकोच इतका खोल आहे की तयार प्रश्नांची उत्तरे देणे अनेकांना सोपे जाते.

सुधारणा सर्वाधिक होते ती पहिल्या सहा ते बारा महिन्यांत, आणि काहींच्या बाबतीत दोन वर्षांपर्यंत हळूहळू होत राहते. सुधारणेचा अर्थ मात्र पूर्वीसारखे दिवसातून एकदाच जाणे असा धरू नये. दिवसातून तीन-चार वेळा, साधारण ठरलेल्या सुमारास आणि कपडे खराब न होता शौचाला होणे, हे बऱ्याच जणांसाठी चांगले आणि गाठता येण्याजोगे उद्दिष्ट आहे.

पहिले काही आठवडे

रुग्णालयात असताना वायू सरणे आणि पहिल्यांदा शौचाला होणे याकडे सगळ्यांचे लक्ष असते. त्याला काही दिवस लागू शकतात. पहिले काही शौच पातळ, आंबूस वासाचे आणि वारंवार होणारे असतात. स्टोमाच्या जागेची जखम पुष्कळदा मुद्दाम पूर्ण न शिवता मध्ये थोडी उघडी ठेवतात, जेणेकरून आत पू साचू नये. ती आतून भरत येते आणि त्याला काही आठवडे लागतात, म्हणून ती उघडी दिसली तर घाबरू नये. साधारण सहा ते आठ आठवडे भरलेली कळशी, गॅसचा सिलिंडर, लहान मूल असे वजन उचलू नये, कारण त्या जागी हर्निया होण्याचा धोका खरा आहे. चालणे मात्र पहिल्या दिवसांपासून सुरू ठेवावे, कारण त्याने आतड्याची हालचाल सुधारते.

मलाचा घट्टपणा हे पहिले काम

पातळ मल अडवणे निरोगी माणसालाही कठीण असते, मग नुकतेच कामाला लागलेल्या स्नायूंकडून ती अपेक्षा कशी करावी? म्हणून व्यायाम कितीही केले तरी मल पाण्यासारखा असेल तोवर ताबा येत नाही. याचमुळे मी आहाराला सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त महत्त्व देतो.

पहिले तीन-चार आठवडे चोथा कमी असलेले मऊ जेवण घ्यावे. मऊ भात, मुगाच्या डाळीचे पातळसर वरण, तांदळाची पेज, उकडून कुस्करलेला बटाटा, पिकलेले केळे, साल काढून शिजवलेले सफरचंद, दही, उकडलेले अंडे आणि कमी तिखटाचे शिजवलेले मासे हे पदार्थ बहुतेकांना सोसतात. भात, केळे आणि बटाट्याने मल घट्ट होण्यास मदत होते. कच्ची कोशिंबीर, मक्याचे कणीस, मटकी-चवळीच्या उसळी, देठांसकट पालेभाज्या, शेंगदाणे, सुके खोबरे आणि तिखट रस्से या काळात टाळावेत. दुधाने पोट फुगत असेल तर ते बंद करून दही किंवा ताकावर राहावे. सकाळी उठल्याबरोबर कडक चहा किंवा कॉफी घेतली की अनेकांना लगेच घाई होते, म्हणून ती कमी करावी किंवा काही खाल्ल्यानंतर घ्यावी. ‘शुगर-फ्री’ गोळ्या आणि च्युइंगगममध्ये असणारे सॉर्बिटॉलसारखे गोडवे मल पातळ करतात, हे मधुमेही रुग्णांनी विशेष लक्षात ठेवावे. उपवासाच्या दिवशीही काळजी घ्यायला हवी, कारण शेंगदाण्याच्या कुटाची आणि मिरचीची साबुदाणा खिचडी, रताळे आणि राजगिरा एकाच दिवशी खाल्ले तर दुसरा दिवस संडासातच जातो. धार्मिक आस्था असेल तर त्या दिवशी साबुदाण्याची साधी पेज आणि केळे यांवर राहता येते.

त्यानंतर एक-एक पदार्थ वाढवावा. नवा पदार्थ थोड्या प्रमाणात घ्यावा, दोन-तीन दिवस काय होते ते पाहावे आणि मगच पुढचा घ्यावा. त्रास झाला म्हणून तो पदार्थ कायमचा बंद करू नये, महिन्याभराने पुन्हा आजमावून पाहावा. एका वेळी पोटभर जेवण्याऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे, आणि रात्री शौचासाठी उठावे लागत असेल तर रात्रीचे जेवण सात-साडेसातपर्यंत उरकावे.

येथे एका सवयीविषयी स्पष्टपणे सांगायला हवे. बाहेर जायचे असले की पुष्कळ रुग्ण सकाळपासून काहीच खात नाहीत. त्याने तात्पुरता धीर येतो, परंतु रिकाम्या आतड्यात वायू वाढतो, अशक्तपणा येतो आणि घरी परतल्यावर एकदम भरपेट जेवल्याने घाईचा जोर आणखी वाढतो. नियमित वेळी थोडे खाणाऱ्याचे आतडे जेवढे शिस्तीत राहते, तेवढे उपाशी राहणाऱ्याचे राहत नाही.

घट्टपणासाठी इसबगोलाचा उपयोग होतो, पण तो घेण्याची पद्धत बद्धकोष्ठतेच्या उलट असते. बद्धकोष्ठतेत ते भरपूर पाण्याबरोबर घेतात. येथे अर्धा ते एक चमचा भुसा थोड्याशा पाण्यात किंवा दह्यात कालवून, फुगायच्या आत खावा आणि लगेच वर भरपूर पाणी पिऊ नये, म्हणजे तो आतड्यातले पाणी शोषून घेतो. दिवसभरातले एकूण पाणी मात्र कमी करू नये. गिळायला अडचण असेल, पोट फुगून उलट्या होत असतील किंवा जोडाची जागा अरुंद झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले असेल, तर इसबगोल घेऊ नये.

लोपरामाइड हे औषध आतड्याची गती मंद करते. ते त्रास झाल्यावर घाबरून घेण्याऐवजी जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी, डॉक्टरांनी ठरवलेल्या प्रमाणात घेतले तर त्याचा खरा लाभ होतो. त्याची एक गोळी 2 मिलिग्रॅमची असते, आणि किती घ्यायच्या हे प्रत्येकाच्या आतड्यावरून ठरते. स्वतःच्या मनाने मात्रा वाढवू नये, कारण अतिप्रमाणात ते हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करते. ताप असेल किंवा मलात रक्त असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. लहान आतड्याचा शेवटचा भाग काढलेला असेल तर पित्तक्षार नीट शोषले जात नाहीत आणि पातळ शौच होतात. त्यावर कोलेस्टिरामाइन नावाचे वेगळे औषध असते, आणि अशा रुग्णांनी ब-12 जीवनसत्त्वाची तपासणीही करून घ्यावी.

शौच पातळ आणि खूप वेळा होत असतील तर नुसते पाणी पिणे पुरेसे नाही, कारण शरीरातले मीठही जात असते. ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात, मोठे पाकीट असेल तर पूर्ण एक लिटरमध्ये, विरघळवून दिवसभर घोट घोट घ्यावे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

वेळ, बसण्याची पद्धत आणि थांबायला शिकणे

जेवल्यानंतर मोठे आतडे स्वाभाविकपणे हालचाल करते, आणि सकाळच्या पहिल्या खाण्यानंतर ती हालचाल सर्वांत जोरदार असते. हीच वेळ साधायची. न्याहारीनंतर वीस-तीस मिनिटांनी, घाई झाली नसली तरी, शांतपणे जाऊन बसावे. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवे बसल्याने गुदमार्ग सरळ होतो आणि कुंथावे लागत नाही. कमोड वापरणाऱ्यांनी पायांखाली बुटका स्टूल किंवा पाट घ्यावा, गुडघे कमरेच्या वर येतील असे पाहावे आणि थोडे पुढे झुकावे. दहा मिनिटांपेक्षा जास्त बसू नये आणि कुंथू नये. पोट पूर्ण साफ झाले नाही असे वाटले तर उठून पाच-दहा मिनिटे घरात फिरावे आणि पुन्हा बसावे. एकापाठोपाठ होणारे शौच एकाच वेळेत आटोपण्यासाठी ही पद्धत अनेकांना उपयोगी पडते.

घाई झाली की धावू नये, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण धावताना पोटावरचा दाब वाढतो आणि लक्ष स्नायूंवरून उडते. जिथे असाल तिथे थांबावे, शक्य असल्यास खुर्चीवर बसावे, गुदद्वार आवळून धरावे आणि संथ श्वास घ्यावा. कळ ही लाटेसारखी चढते आणि ओसरते. ती ओसरल्यावर चालत जावे. या थांबण्याचा सराव सुरुवातीला संडासाच्या दारापाशी उभे राहून फक्त एक मिनिट करावा. ते जमू लागले की दोन मिनिटे, मग पाच, आणि त्यानंतर दारापासूनचे अंतर वाढवत जावे. चाळीत किंवा एकत्र कुटुंबात संडास सामायिक असतो आणि सकाळी रांग असते, तिथे हा सराव अधिकच अवघड जातो. अशा घरांत पहिले काही महिने खोलीत आडोसा करून कमोडची खुर्ची ठेवणे शहाणपणाचे आहे, आणि त्यात रुग्णाने किंवा घरच्यांनी कमीपणा मानू नये.

स्नायूंचा व्यायाम

वायू अडवताना आपण जे स्नायू आवळतो, तेच या व्यायामाचे स्नायू. पाठीवर झोपून गुडघे वाकवावेत, गुदद्वार आवळून आत आणि वर ओढल्यासारखे करावे, पाच सेकंद धरावे, मग दहा सेकंद पूर्ण सैल सोडावे. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. हळूहळू धरण्याचा काळ दहा सेकंदांपर्यंत न्यावा. त्याबरोबर झटपट आवळून सोडण्याचीही दहा आवर्तने करावीत, कारण अचानक आलेल्या घाईच्या वेळी हाच झटका कामी येतो. मांड्या, नितंब आणि पोट आवळले जात असतील किंवा श्वास रोखला जात असेल, तर व्यायाम चुकीचा होतो आहे असे समजावे. सैल सोडणे हा व्यायामाचा अर्धा भाग आहे, तो घाईने उरकू नये. फरक जाणवायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. स्टोमा बंद होण्याची तारीख पुढे असेल तर हे व्यायाम आताच सुरू करता येतात, परंतु ऑपरेशननंतर ते पुन्हा कधी सुरू करायचे हे शल्यचिकित्सकांना विचारूनच ठरवावे.

त्वचा

वारंवार शौच झाल्याने गुदद्वाराभोवतीची त्वचा सोलवटते आणि आग होते, आणि ही आग इतकी असते की माणूस शौचाला जाण्याचीच धास्ती घेतो. कागदाने घासण्यापेक्षा कोमट पाण्याने धुणे केव्हाही चांगले. जेट स्प्रेचा दाब कमी ठेवावा, साबण वापरू नये, मऊ सुती कापडाने टिपून कोरडे करावे आणि झिंक ऑक्साइडचे मलम पातळ थरात लावावे. हे मलम त्रास सुरू झाल्यावर लावण्यापेक्षा पहिल्या दिवसापासून लावावे. सुवासिक ओले रुमाल आणि पावडर टाळावेत.

घराबाहेर पडताना

आधी घराजवळच्या बागेपर्यंत, मग बाजारापर्यंत, मग तासाभराच्या प्रवासापर्यंत, अशा टप्प्यांनी बाहेर पडावे. पिशवीत पाण्याची बाटली, एक जोड अंतर्वस्त्रे, पॅड, मलम, टिश्यू आणि घट्ट बंद होणारी प्लास्टिकची पिशवी ठेवावी. सॅनिटरी पॅड पुरुषांनीही वापरावेत, त्यात लाजण्यासारखे काही नाही. मुंबईच्या लोकलमध्ये शौचालय नसते, म्हणून सुरुवातीला जलद गाडीऐवजी प्रत्येक स्थानकावर थांबणारी धीमी गाडी घ्यावी आणि कोणत्या स्थानकावर वापरण्याजोगे शौचालय आहे हे आधी पाहून ठेवावे. लांबच्या प्रवासाला एसटीपेक्षा शौचालय असलेली रेल्वे सोयीची. कामावर परतताना वरिष्ठांना सगळा तपशील सांगण्याची गरज नसते. पोटाचे ऑपरेशन झाले आहे आणि काही महिने अधूनमधून जागेवरून उठावे लागेल, एवढे सांगितलेले पुरते.

घरच्यांनी ‘आज किती वेळा?’ असे सर्वांसमोर विचारू नये. शौचाच्या नोंदीची वही रुग्णाने स्वतः ठेवावी, आणि जोडीदाराशी मात्र मोकळेपणाने बोलावे. ऑपरेशनमध्ये नसांना लागलेल्या धक्क्यामुळे लैंगिक संबंधांत अडचणी येऊ शकतात आणि त्यांवरही उपचार असतात, म्हणून तो विषय डॉक्टरांकडे काढायला संकोच करू नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

पोट फुगून वायू आणि शौच दोन्ही बंद होणे आणि उलट्या होणे, 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप, वाढत जाणारी पोटदुखी, मलात पुष्कळ रक्त, जखमेतून पू किंवा मल येणे, स्त्रियांमध्ये योनीमार्गातून वायू किंवा मल येणे, लघवी अगदी कमी होऊन चक्कर येणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पोट बऱ्यापैकी स्थिरावल्यावर अचानक पातळ शौच सुरू झाले, विशेषतः अँटिबायोटिक घेतल्यानंतर, तर मलाची तपासणी करून घ्यावी.

आहार, औषधे आणि व्यायाम नेटाने करूनही काही महिन्यांनी फरक पडत नसेल तर पुढचे उपाय असतात. बायोफीडबॅकमध्ये स्नायू बरोबर आवळले जातात का हे पडद्यावर दाखवून प्रशिक्षण दिले जाते. गुदद्वारातून कोमट पाणी सोडून आतडे रिकामे करण्याची पद्धत शिकवली जाते. त्याने पुढचे अनेक तास निर्धास्त जातात, मात्र जोड भरून आल्याची खात्री झाल्याशिवाय आणि प्रशिक्षण घेतल्याशिवाय ती घरी करू नये. कमरेखालच्या नसांना सौम्य विद्युत उत्तेजन देणारे उपकरण बसवण्याचा पर्यायही काहींना दिला जातो. आणि सगळे करूनही आयुष्य संडासाभोवतीच फिरत असेल, तर पुन्हा कायमचा स्टोमा करून घेणारे रुग्णही आहेत. तो निर्णय विचारपूर्वक घेतला असेल तर मी त्याला माघार म्हणणार नाही.

परळच्या टाटा मेमोरियलसारख्या कर्करोग रुग्णालयांत स्टोमाची काळजी घेणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका असतात. पिशवी निघाली म्हणून त्यांच्याकडे जाणे थांबवू नये. जाताना मागच्या दोन आठवड्यांची वही न्यावी, ज्यात शौचाच्या वेळा, मल पातळ होता की घट्ट, काय खाल्ले, कोणते औषध किती वाजता घेतले आणि कपडे केव्हा खराब झाले हे लिहिलेले असेल, कारण औषधाची मात्रा आणि वेळ ठरवताना तीच वही सर्वांत जास्त उपयोगी पडते.